शेवटची दुमड

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आहे. दुपारीच घडलेलं लिहिते, मनातून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी ताई गेली. मग भाऊजींशी माझं लग्न लावून दिलं आणि मी जयपूरला आले. ताईची मुक्ता आता तेरा वर्षांची आहे. मला मावशीच म्हणते.

ताईने तिच्यासाठी जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक मोठा निळा फ्रॉक आणला होता. पोर वाढेल तसा सोडता यावा म्हणून खाली हाताने तीन दुमडी घातल्या होत्या. दोन तिच्या हयातीतच सुटल्या. मला सुई धरायला ताईनेच शिकवलं, त्यामुळे टाके ओळखीचे होते.

उद्या मुक्ताच्या शाळेत कार्यक्रम आहे आणि फ्रॉक आखूड होतो. आईविना पोरीकडे मावशीचं लक्ष नाही, असं कुणी म्हणायला नको. म्हणून ती शाळेत असताना मी तिसरी दुमड उसवली. आतलं कापड अजून गर्द निळं होतं.

मुक्ता घरी आली. जमिनीवरचे दोरे पाहून म्हणाली, “मतलब, आईचे टाके संपले?”

मी घाबरले. “पुन्हा घालते गं, त्याच भोकांतून.”

“नको मावशी. ते तुझे होतील.”

तिने सगळे दोरे वेचून कंपासपेटीत ठेवले.

फ्रॉक आता तिला अगदी नीट बसतो. पण उसवण्याआधी मी तिला विचारलं नाही. माझ्या जागी तुम्ही असतात, तर आज तिला काय म्हणाला असतात?