भागावहिनींच्या कोंबड्यांचं आंबट पाणी

मध्यंतरी आमच्या बहादरपुरात एक बातमी फार चवीनं फिरली: भागाबाई कोंबड्यांना दारू पाजते. म्हणूनच म्हणे अंडी एवढी मोठी येतात. एकदोघांनी तर कोंबडीला झुलत चालताना पाहिलंही होतं. आता माझी आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे खरं काय ते मलाच सांगायला पाहिजे. दारूबिरू काही नाही. वास यायचा तो औषधाचा.

झालं असं, वहिनींच्या शेडमध्ये कोंबड्यांना सारखी हगवण लागायची. आधी त्या अँटिबायोटिक द्यायच्या. मग बऱ्हाणपूरच्या एका हॉटेलवाल्यानं सांगितलं, औषधावर जगणाऱ्या कोंबड्यांची अंडी मला नको. तेव्हा वहिनींनी तिथल्याच शनवारा दरवाजाजवळच्या धर्मेंद्रच्या दुकानातून पाण्यात टाकायचं ॲसिड आणलं. पाणी जरासं आंबट असलं की रोगाचे जंतू त्यात तग धरत नाहीत. जोडीला दाण्यात चांगल्या जंतूंची पावडर. ॲसिड जास्त झालं तर कोंबडी पाण्याला तोंडच लावत नाही, म्हणून मापानं टाकायचं आणि कागदाची पट्टी बुडवून बघायची. नारिंगी झाली की जमलं, हिरवी राहिली तर ॲसिड कमी. मी चिडवायचो, वहिनी, आमच्या चहात कधी इतकी मोजून साखर टाका.

हगवण थांबली. हॉटेलवाल्याची गाडी दारात येऊ लागली. गावाला दारूचा वास आला तो याच दिवसांत.

त्यांचे यजमान चुडामणभाऊ म्हणजे केळीवाले. कोंबड्या त्यांना कमीपणाच्या वाटायच्या. चारचौघांत 'आमच्या बाईचा छंद' म्हणायचे. फिरायचे मात्र त्याच छंदातून आलेल्या मोटरसायकलवर.

उन्हाळा लागला आणि कोंबड्या पुन्हा बसल्या. पिसं फुगवून कोपऱ्यात, मान आत ओढून. रोज एखाददुसरी मरायची. वहिनींनी पट्टी बुडवली, ती हिरवीच. माप वाढवलं, तरी हिरवटच. हॉटेलवाल्यानं निरोप पाठवला, कोंबड्या सुधारल्या तर बघू, नाहीतर दुसरीकडून घेतो. वहिनींच्या डोक्यात एकच आलं, धर्मेंद्रनं भेसळीचा डबा दिला. भाऊंच्या गाडीवर बसून त्या दुकानात गेल्या आणि भर गिऱ्हाइकांत त्याला चोर म्हणाल्या. धर्मेंद्र बिचारा सीलबंद डबे दाखवत राहिला. भाऊ मागं गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे.

परत आल्यावर चौकात भाऊंनी मलाच ऐकवलं, "मी पहिल्यापासून सांगत होतो, हे ॲसिडबिसिड सगळं थोतांड आहे."

आणि तिथंच, पान चघळता चघळता, खुशीत आणखी एक सांगून गेले. केळीच्या ड्रिपच्या नळ्या क्षारानं बुजल्या होत्या, त्या आता मस्त मोकळ्या झाल्या, शेवटच्या ओळीपर्यंत थेंब पडतोय. क्षार काढायला नळ्यांतून ॲसिड सोडतात हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. कुठून आणलं विचारलं तर भाऊंनी गोष्ट केळीच्या भावावर नेली.

असली बातमी माझ्या पोटात किती राहणार? संध्याकाळी भिंतीवरून वहिनींना म्हटलं, भाऊंच्या ड्रिपची सर्दी एकदम बरी झाली म्हणे, तुमच्या कोंबड्यांचं औषध पाजलं की काय?

मी गंमत केली होती. वहिनी हसल्या नाहीत. आत गेल्या, डबा उचलून आणला आणि खाटेवर बसलेल्या भाऊंच्या पायाशी ठेवला.

भाऊंनी आधी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीआड व्हावं. मी झालो नाही. मग हळूहळू बाहेर आलं. ऊन मी म्हणत होतं, शहरात कोण जाणार, डबा हाताशी होता. वास राहावा म्हणून तळाशी थोडं ठेवलं, बाकी पाणी भरून झाकण लावलं. वर म्हणाले, "घरातलंच घेतलं ना? चोरी थोडीच केली? आणि केळी जगली, ती काय माझ्या एकट्याची?"

शेडमध्ये एक कोंबडी घसा खरवडल्यासारखी ओरडत होती. वहिनी म्हणाल्या,

"ॲसिड नेलं तं नेलं, त्याचं काही नाही. डबा रिकामा ठेवला असता तर मला दिसला असता, तुम्ही तो भरून ठेवला. मी धर्मेंद्रभाऊला चोर म्हणत होते, तेव्हा मागं उभे राहून ऐकलंही. उद्या दुकानात मी मागं उभी राहते, तुम्ही बोला."