सिकलसेलची यादी

गोंदिया तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कंत्राटावर डेटा ऑपरेटर होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे निकाल ऑनलाइन भरायचे, हे माझं काम. लॉगिन एकच, आणि आजूबाजूच्या चार केंद्रांनाही तेच. पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली. एकदा मी साहेबांकडे वेगवेगळे लॉगिन मागितले. ते म्हणाले, सॉफ्टवेअरचा ठेका सर्वांत कमी दरवाल्याला गेला आहे, जास्तीच्या लॉगिनचा खर्च मंजूर नाही. आणि आजाऱ्यांची नावं चोरून कोणाला काय मिळणार? मी पुढे रेटलं नाही. मलाही दर अकरा महिन्यांनी नेमणुकीची नवी ऑर्डर हवी असायची.

त्या उन्हाळ्यात निकालांच्या यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. गाव, नाव, वय, निकाल, सगळं. कोणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका लॉगिनमागे आम्ही बाराजण होतो.

यादीत दवनीवाड्याकडची एक मुलगी होती. तपासणीला ती आपणहून आली होती. ती फक्त वाहक निघाली, म्हणजे तिला स्वतःला आजार नव्हता. तिचं लग्न कोहमाऱ्याकडे ठरलं होतं, ते मुलाकडच्यांनी फोनवरच मोडलं. मुलगाही वाहक किंवा आजारी असला तरच पुढे लेकरांना धोका. पण मुलाची तपासणी करायला ते तयार नव्हते.

दोन दिवसांनी तिची आई केंद्रात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, तुमी रगत मांगलं, आमी देल्लं. नाव गावभर कायले वाटलं?"

मी वाटलं नाही, म्हटलं.

"मंग कोनं वाटलं?"

मी खुर्ची पुढे केली. बसा म्हटलं तर ती बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

चौकशी झाली, वरून पत्र आलं, पासवर्ड बदला. आम्ही बदलला. पाचही केंद्रांत पुन्हा एकच.

दिवाळीनंतर एका शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं. त्या मुलीची धाकटी बहीण तिथे नववीत होती. तिचे सांधे सारखे दुखतात, अधूनमधून ताप येतो, असं तिच्या मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं; सिकलसेलची लक्षणं अशीच असतात. नाव पुकारलं तेव्हा ती जागची हलली नाही. "मायनं नाही म्हटलं," एवढंच बोलली.

मी तिच्या घरी गेले. आई अंगणात धान वाळवत होती. तिने मान वर केली नाही. कोणत्या तोंडाने बोलायचं, ते न सुचून मी परत आले.

पोरीची तपासणी अजून झालेली नाही.