दाजींची सोनेरी खंडेनवमी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केसरीनाथ पाटील, राहणार अंजूर. या माणसाला बसून खाता येत नाही, हाच त्यांचा आजार. आजूबाजूच्या सगळ्यांनी भातशेतीत गोदामं बांधली, भाड्याने दिली आणि पोटावरून हात फिरवत ओट्यावर बसले. दाजींनीही बांधलं, पण एका गाळ्यात भाडेकरूऐवजी मशीन आणून ठेवलं. ठाण्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीतून उचललेलं. माणूस उभा राहील एवढं लोखंडी पिंप, मागे पंप, बाजूला गॅसच्या टाक्या.

मशीनचं काम साधं होतं, निदान सांगायला. पत्र्याला भोकं पाडायचे पोलादी पंच त्या पिंपात टांगायचे, आतली हवा ओढून घ्यायची, पंच तापवायचे आणि टायटॅनियम-नायट्रोजनचा केसापेक्षा बारीक थर त्यांच्यावर चढवायचा. थर इतका कडक की पंच लवकर झिजत नाही. आणि रंग अगदी सोन्याचा. कडकपणाचं दाजींना मागाहून कळलं. मशीन घेतलं ते रंग बघून, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो.

घरात सत्ता दाजींच्या आईची, आक्काची. तिने पिंपाभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "दिवालीपरत बघीन. न्हाय चाललं त मशीन भंगारात न् गाला भाड्यावं."

मशीन चालवायला धम्मदिना आली. भिवंडीचीच, डिप्लोमा झालेली, आधी ठाण्याला हेच काम केलेली. रोज धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने यायची. पहिल्याच दिवशी तिने नियम सांगितला, "धुतलेल्या मालाला कुणी हात लावायचा नाही. बोटाचं तेलसुद्धा थर धरू देत नाही." आता दाजी म्हणजे दिसेल त्या वस्तूला हात लावणारा माणूस. मासळीचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय यांनी आयुष्यात बोंबीलसुद्धा घेतलेला नाही.

तरी हात आवरला, पण डोकं चालवलं. धम्मदिना डबा खायला गेली की हे बटणं फिरवायचे. सोनं जास्त दिसावं म्हणून नायट्रोजन वाढवला, तर पंच जुन्या गुळासारखे तपकिरी निघाले. थर घट्ट बसावा म्हणून ताप वाढवला, तर वरचा थर झकास, पण आतलं पोलाद नरम पडलं आणि गिऱ्हाइकाकडे पंच वाकला. "शेठ, वर सोनं आणि आत मऊ भात," धम्मदिना म्हणाली. मग घाबरून ताप इतका उतरवला की थर नखाने निघाला. त्यानंतर तिने दाजींना खुर्चीत बसवलं, लोडशेडिंगसाठी जनरेटर मागवला आणि ताप, गॅस, व्होल्टेज तिघांचं आपसांत जुळवून दिलं. माल चांगला निघू लागला.

दसऱ्याच्या तोंडावर कशेळीच्या एका कारखानदाराने भरपूर पंच पाठवले. हे जमलं तर त्याचं सगळं काम आमचं. न जमलं तर आक्का होतीच.

खंडेनवमीला धम्मदिनाने पंच धुतले, ट्रेमध्ये ओळीने लावले आणि डबा खायला गेली. मालाची ने-आण माझ्याकडे, त्यामुळे मी टेम्पो घेऊन बाहेर होतो. दाजींनी पिंपाला हार घातला, पंपाची पूजा केली, टाक्यांनाही फूल वाहिलं. मग नजर ट्रेवर गेली. ज्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून, त्यांनाच कोरडं ठेवायचं? प्रत्येक पंचाला हळद आणि कुंकू लावलं. लावून झाल्यावर नियम आठवला. तेव्हा सकाळपासून ज्याने घाम पुसत होते तोच रुमाल खिशातून काढून सगळे पंच चकाचक केले आणि गप्प बसले. धम्मदिना परत आली आणि तिने पंच पिंपात चढवले.

माल बाहेर आला तो देखणा. माझी बहीण म्हणाली, याच्या बांगड्या करा. दसरा उलटल्यावर मीच कशेळीला पोचवून आलो.

दोन दिवसांनी कारखानदार स्वतः पिशवी घेऊन आला आणि टेबलावर ओतली. प्रत्येक पंचावर थर उडालेला. सगळीकडे नाही. शेजारी शेजारी दोन गोल ठिपके, प्रत्येकावर, त्याच जागी.

"मशीन जुनं आहे, पाटील. आम्ही दुसरीकडे बघतो."

धम्मदिना एकेक पंच उलटून बघत होती. चेहरा उतरलेला. "ताप बरोबर होता, गॅस बरोबर होता. माझंच धुताना चुकलं असणार. शेठ, मी उद्यापासून येत नाही."

दारात आक्का उभी होती. "मी सांगलं व्हतं. बोलवा त्या भंगारवाल्याला."

ते दोन ठिपके मी ओळखले. आमच्याकडे कुणीही ओळखेल. माझं डोकं तापलं. बापाच्या वयाचा हा माणूस त्या पोरीच्या माथी खापर फुटू देणार असेल, तर नातं गेलं खड्ड्यात, आज मी बोलणार होतो.

दाजींनी एक पंच उचलला. करंगळीशेजारचं बोट एका ठिपक्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. बरोबर बसलं.

"मी पूजा केली," ते म्हणाले. "पुसलं पन व्हतं. रुमालानं."

"सगळ्यांची?" कारखानदाराने विचारलं.

"मंग? दोघांची करून बाकीच्यांचा अपमान करू?"

कारखानदार स्टुलावर बसून हसत सुटला. त्याच्याही प्रेसला हार लटकत होता, मी बघितला होता. "थर काढा, परत चढवा. दिवाळीच्या आत द्या. आणि देव दाराबाहेर ठेवा."

धम्मदिना हसली नाही. "शेठ, मी नोकरी सोडत होते."

दाजींनी हात जोडले. "चुकलं बाय माझं." हे वाक्य माझ्या बहिणीने संसारात एकदाही ऐकलेलं नाही. मला माणूस एकदम आवडला, आणि त्याचा रागही आला.

आक्का आत आली. "म्हंजे मशीन बरं हाय?"

"हाय."

"न् ही पोर?"

"तिचं कायच चुकलं न्हाय."

आक्काने लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग भंगारवाल्याला काय देऊ? तुला?"