चौदा नंबरच्या खोलीतला नकाशा

सहा उशांपैकी तीन उशांना अभ्रे चढले होते आणि चौथी बाईंच्या हनुवटीखाली दाबलेली होती, तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. प्राध्यापकांना चांगल्या असाइनमेंट तयार करायला मदत करायची, हे बाईंचं काम. त्यासाठी त्यांना वर्षापूर्वी ग्रंथालयातून उचलून चौदा नंबरच्या खोलीत बसवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "उद्या शनिवारपर्यंत एका तरी विभागानं असाइनमेंट बदलली पाहिजे. नाहीतर ती खोली मोडक्या बाकांना, आणि तुम्ही परत पुस्तकांवर शिक्के मारायला."

"कोण गं?" सासूबाईंनी विचारलं.

"प्राचार्य. कुणी प्राध्यापक माझ्याकडे फिरकत नाही म्हणतात."

"कसे फिरकतील? एवढी शिकलेली माणसं, आणि तू त्यांना गृहपाठ शिकवणार! मला कुणी भाजी चिरायला शिकवायला आलं असतं, तर मी दार उघडलं नसतं."

"तेही उघडत नाहीत, आई."

चौथी उशी तशीच टाकून, देवाला हात जोडून बाई निघाल्या. देवाकडे त्यांनी फार काही मागितलं नाही. एक प्राध्यापक मागितला.

देवानं भूगोलाचे सर पाठवले. सर आले ते पंख्यासाठी. स्टाफरूममधला बंद पडला होता. पण ते सगळ्यांत जुने. त्यांनी मान हलवल्याशिवाय बाकीचे अकरा जण चहासुद्धा मागवत नसत. सव्वीस वर्षं त्यांची असाइनमेंट एकच: 'नकाशाचे महत्त्व, दहा पाने'.

"मुलं कशी लिहितात, सर?"

"छान लिहितात की. गेल्या वर्षीच्या मुलांसारखीच."

"आणि गेल्या वर्षीची?"

"त्याच्या आधीच्यांसारखी."

सरांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

बाईंचा एक नियम होता. असाइनमेंट देणाऱ्यानं ती आधी स्वतः करायची. त्यांनी कागद पुढे सरकवला. पंख्याखालून उठवेना म्हणून सर लिहायला बसले. चौथ्या ओळीवर थांबले.

"कंटाळवाणं आहे हो हे," ते म्हणाले. जणू प्रश्न शेजारच्यांनी काढला होता.

मग दोघं विचार करत बसली. नकाशा कशाला असतो? पोचायला. पोचलो की नाही, हे कोण सांगणार? चालणारा. म्हणजे एकानं आपल्या घरचा नकाशा काढायचा, आणि दुसऱ्यानं कुणालाही न विचारता त्यावरून चालत जायचं. सर खुलले. लगेच वर्गात सांगायला निघाले.

"आधी तुम्ही, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी कॉलेजच्या फाटकापासून स्वतःच्या घरापर्यंतचा नकाशा काढला. उत्तर दिशा, प्रमाण, सूची, काही म्हणता काही सोडलं नाही. शिपाई तो घेऊन गेला आणि तासाभरानं परतला.

"सर, तुम्ही लाँड्रीत राहता."

"काय?"

"नकाशाप्रमाणे. लाँड्रीवाला म्हणाला, इथे कुणी सर राहत नाहीत, पण त्यांची पँट आलीय का बघतो."

सरांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला. एक वळण राहून गेलं होतं. सव्वीस वर्षं रोज घेतलेलं वळण. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेले.

बाईंनी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.

शनिवारी सकाळी भूगोल विभागाबाहेर गर्दी होती. नोटीस सरांच्याच अक्षरात होती: "'नकाशाचे महत्त्व' रद्द. प्रत्येकाने आपल्या घरचा नकाशा काढावा. गुण चालणारा देईल." खाली टाचणीनं तो घडीचा कागद लावला होता, आणि त्यावर लाल शाईत: "नमुना. चुकलेला. काढणारा: विभागप्रमुख."

बाकीचे प्राध्यापक तो नमुना पोटभर बघत होते. गणिताच्या मॅडम बाईंच्या कानाशी आल्या.

"सरांचं चुकलं, म्हणजे आमचं चुकलं तरी चालेल ना?"

"चुकायलाच या," बाई म्हणाल्या.

दुपारी प्राचार्यांनी कळवलं, खोली राहू दे. सोमवारी अकराला गणिताच्या मॅडम येणार होत्या, आणि खोलीतले कागद संपले होते. बाई पिशवी घेऊन स्टेशनरीच्या दुकानाकडे निघाल्या, कोरे कागद आणायला.