गोधडीखालची पिशवी

वडिलांना लघवीची नळी घातली होती. पिशवी कायम खाटेच्या खाली लटकलेली ठेवा, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोनगीरहून नातेवाईक भेटायला आले की मी ती उचलून वडिलांच्या मांड्यांवर ठेवायचो आणि वर गोधडी ओढायचो. शहाणाच मी. लघवी उलटी फिरली, वडील तापाने फणफणले. डॉक्टरांनी नळी बदलली आणि जुनी चिरून मला दाखवली. आत बुळबुळीत थर होता. "जंतू यात घर करतात. मग औषधही पोचत नाही."

पुन्हा पाहुणे आले. माझा हात सवयीने पिशवीकडे गेला.

वडील सगळ्यांसमोर अहिराणीत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मूतच शे."

मी त्यांची लाज झाकतोय, असं इतके दिवस समजत होतो.