चित्रात नसलेले झाड

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी सव्वातीनला धुळ्यातल्या चित्रप्रदर्शनात पहिल्या क्रमांकाचे चित्र भिंतीवरून उतरवण्यात आले. उतरवायला लावले तिसऱ्या परीक्षकांनी. ते धरणगावचे निवृत्त चित्रकला शिक्षक. सगळे त्यांना नुसते सर म्हणत. मी तिथे वार्ताहर म्हणून होतो.

सरांना चित्र बघताना तुम्ही पाहिले असते, तर पंचनामा चालला आहे असे वाटले असते. आधी ते चित्राची पाठ बघत. मग दहा पावले मागे जात. मग नाक लागेल इतके जवळ. शेवटी चित्राकडे पाठ करून खिशातला दाढीचा आरसा काढत आणि त्यात चित्र बघत. आरशात चुका लपत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शेजारी येऊन कोणी वाहवा केली की त्यांची अहिराणी बाहेर पडे. "सुंदर शे म्हनू नको. काय काय शे ते सांग."

मलाही त्यांनी हेच शिकवले. आधी दिसते ते सांगायचे, मग ते कसे मांडले आहे ते, मग अर्थ. बरे-वाईट सर्वांत शेवटी. बातमीचे नियम याहून फार वेगळे नव्हते, म्हणून आमचे जमले.

शिरपूरला एका संस्थेत संस्थापकांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. भाषणे संपल्यावर सर म्हणाले, चेहरा सत्तरीचा आहे, हात तिशीचे. चित्रकाराने चहाच्या वेळी मला कबूल केले, की चेहरा फोटोवरून काढला आणि हात स्वतःचे. एका घरी परदेशातून आणलेले म्हणून दाखवलेले चित्र सरांनी उलटे केले, तर मागे धुळ्याच्या फ्रेमवाल्याचे लेबल निघाले. त्या घरात पुढे त्यांना चहा ओट्यावरच मिळू लागला. सरांचा संशय म्हणजे निकाल, असे धुळे-जळगावात धरले जाई. मीही धरत होतो.

त्या रविवारी धरणगावची बस उशिरा आली. तोवर दोन परीक्षकांनी निकाल लावून टाकला होता. पहिला क्रमांक रावेरकडच्या एका कॉलेजच्या मुलीला होता. हे चित्र आता राज्य प्रदर्शनासाठी मुंबईला जाणार होते. चौकटभर केळीचे हिरवे घड, खाली वाळक्या पानांचा तपकिरी पट्टा. बाकी काही नाही.

सर आरशासकट वीस मिनिटे उभे होते. मग म्हणाले, झाडावरच्या घडातली केळी वर वळलेली असतात, या चित्रात ती खाली वळली आहेत. नक्कल करणारे फोटो उलटा ठेवून रेषा उतरवतात, हिने तसेच केले आणि चित्र सुलट करायला विसरली.

मुलगी दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, "सर, मला एकदा विचारा तरी."

"मी चित्राला विचारलंय," सर म्हणाले.

प्रदर्शनाच्या समितीने निकाल फिरवला. दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली. मुलीला मीही काही विचारले नव्हते.

आठ दिवसांनी तिचे वडील आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. सरांना एकदा शेतावर घेऊन या, एवढेच म्हणाले. सर लगेच निघाले. मला वाटते, आपलेच खरे ठरेल अशी त्यांची खात्री होती.

बागेत कापणी चालू होती. कापलेले घड पानांच्या अंथरुणावर ओळीने उभे करून ठेवले होते. दांडा खाली, शेंडा वर. सगळी केळी जमिनीकडे वळलेली.

"कापला का घड असाच ठेवतो आम्ही, सर," वडील म्हणाले. "दांड्याचा चीक खाले जमिनीत जाते. दांडा वर राह्यला तं चीक केयीवर उतरते न् डाग पडते."

धरणगाव कापसाचे. सरांनी केळीचे झाड पाहिले होते, केळीची कापणी पाहिली नव्हती. ते ओळीच्या टोकाला उकिडवे बसले. आरसा काढला नाही. मग म्हणाले, "चित्रात झाड नव्हतंच. ते मी घातलं."

मुलगी बांधावर होती. सर तिच्यापुढे जाऊन चुकलो म्हणाले. ती म्हणाली, मुंबईची मुदत काल संपली.

मी खुलासा लिहिला. तो आतल्या पानावर चार ओळींत आला. सरांनी समितीला पत्र दिले, की पहिला क्रमांक परत द्या आणि नोंदवहीत चित्रापुढे लिहिलेला 'नक्कल' हा शेरा खोडा. प्रमाणपत्रे वाटून झाली आहेत, असे उत्तर आले. मग त्यांनी फक्त शेऱ्याचा आग्रह धरला. त्यासाठी ते बसने तीनदा धुळ्याला आले. तिसऱ्या वेळी कार्यवाह हसून म्हणाले, "सर, शेरा तुमच्याच शब्दावर लिहिलाय. आता तुमच्याच शब्दावर खोडायचा, तर उद्या तुमचं ऐकायचं कसं?" विषय बैठकीत ठेवू, असे ठरले.

पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावणे आले, तेव्हा सरांनी नकार कळवला. पावसाळ्यात ते गेले. तोवर समितीची बैठक झाली नव्हती.

त्यानंतर नवव्या दिवशी मुलगी धुळ्याला आली आणि समितीच्या नोंदवहीत सही करून, तिथेच पडून असलेले चित्र घेऊन गेली. ती सही मी पाहिली. सहीच्या वरच्या ओळीत शेरा तसाच आहे.