बाबांच्या पाळीतला कुपा

अंदमानचा फोटो टाकल्यापासून विचारणा चालू आहे. कसे गेलात, किती पडले, आम्हालाही जायचंय. सांगतो सगळं. फोटोचंही सांगतो, कारण तो बघितला की मला माझीच लाज वाटते.

जायचं ठरलं बाबांमुळे. उभं आयुष्य मालवणात गेलं, पण गरी टाकली ती किनाऱ्यावरूनच. खोल समुद्रातला कुपा, म्हणजे टूना, एकदा स्वतः ओढायचा, एवढीच त्यांची हौस. आई गेल्यावर ते माझ्याकडे जयपूरला आले, आणि इथे कुठला समुद्र! निघण्याआधी प्रताप नगरच्या आमच्या गच्चीवर ते सराव म्हणून पाण्याचा कॅन दोरीला बांधून रोज ओढायचे. "अंकलजी, कुआँ खोद रहे हो क्या?" शेजारचे गुप्ताजी विचारायचे.

जयपूरहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर. विमानाचं तिकीट आधी काढलंत तर परवडतं. बोट मात्र खिसा रिकामा करते, म्हणून चौघांत वाटून घ्या. आमच्यासोबत बेंगळुरूचे दोघे होते. मुक्काम बोटीवरच, जेवण डाळभाताचं. उलटीची गोळी चढण्याआधी घ्या, नंतर घेऊन काय होतं ते मला विचारा.

बोटीवर नियम एकच. सकाळी चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरतात, आणि ज्याच्या पाळीत मासा लागेल त्यानेच तो ओढायचा.

पहिले दोन दिवस काही म्हणता काही लागलं नाही. मी नुसती चिडचिड करत होतो. बाबा आपले खुर्चीत निवांत. "तो काय तुझ्या बँकेत कामाक आसा, धा वाजता येवक?" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याच पाळीत रीळ करकरलं. बाबा उठले, रॉड कमरपट्ट्यात रोवला, दोरा सुटू दिला. मासा त्यांना कठड्याकडे ओढायला लागला तशी मला काळजी वाटली.

"बाबा, सोडा, मी धरतो!"

"थांब रे, माका जमता. तेका धावाक दी."

मी थांबलो नाही. रॉड ओढूनच घेतला. "अरे सर, अंकलजी की बारी थी!" कॅप्टन ओरडला. तेव्हाही परत देता आला असता. पण त्या माशाची ओढ हातात आली आणि मला सोडवेना. काळजी पहिल्या मिनिटापुरती होती हो, पुढे सगळी माझी हौस!

फोटोत मी दात काढून हसतोय. शेपटी बाबांनी धरलीय, पण त्यांची फक्त बोटं आलीत. रात्री त्याचं कालवण झालं, मी ताट बाजूला सारलं. "बाबा, चुकलंच माझं," म्हणालो. "जेव आधी," एवढंच बोलले. त्यांच्या पाळीत पुन्हा काही लागलं नाही.

घरी आलो तर गुप्ताजी, कांदासुद्धा न खाणारा माणूस, मुद्दाम विचारायला आले. "मिली मछली?"

"मेरे बेटे ने पकड़ी!" बाबांनी दोन्ही हात फाकवून दाखवलं. खोटा नव्हता त्यांचा आनंद, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर ते कॅनची दोरी सोडवत होते.

"राहू द्या ना बाबा. पुन्हा जाऊ."

"आता कित्याक?" म्हणाले, आणि कॅनमधलं पाणी कुंड्यांना घातलं.